गेणबाचे दोन प्रश्न

कौस्तुभनं दोन्ही गाड्यांची बॉनेटं उघडली आणि गेणबाकडे पाहिलं. दोन्ही छोट्या, दोन्ही पांढऱ्या, एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या. एक पेट्रोल, एक डिझेल.

गेणबाची बायको चंद्राबाई दुकानाच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. डायलिसिसच्या मशीनवर चार तास काढून दोघं कोथरूडच्या दवाखान्यातून निघाली होती आणि भूगावला, कौस्तुभच्या जुन्या गाड्यांच्या दुकानापाशी उतरली होती. तिच्या दंडाला अजून पट्टी होती. या दिवशी ती नेहमी अशीच दिसायची, पिळून टाकलेल्या लुगड्यासारखी. ताम्हिणी ते कोथरूड, आठवड्यातून तीनदा. मिळाली तर एसटी, नाहीतर रस्त्यात उभं राहून कुणाच्याही गाडीला हात करायचा. सात महिने हेच चाललं होतं.

"काका, तुम्हाला मी काय सांगणार," कौस्तुभ हसला. "अख्खी मुळशी तुम्हाला विचारून गाडी घेते."

त्यात खोटं काही नव्हतं. गेणबानं सत्तावीस वर्षं पौड ते ताम्हिणी माणसं भरून वडापची जीप हाकली होती. पौडपासून वर घाटापर्यंत कुणाला गाडी घ्यायची झाली, की तो आधी गेणबाच्या अंगणात यायचा. गेणबा दोनच प्रश्न विचारायचा. किती पळवणार? किती वर्षं ठेवणार? भरपूर पळवायची आणि पाच वर्षं ठेवायची, तर डिझेल. नाहीतर गुमान पेट्रोल घ्यायचं. डिझेल आधी महाग पडतं, ते वसूल व्हायला वर्षं जावी लागतात. हे तो इतक्यांना सांगून चुकला होता, की आत भाकऱ्या थापणाऱ्या चंद्राबाईलाही तोंडपाठ झालं होतं.

"पेट्रोलच बघू," गेणबा म्हणाला.

"पेट्रोल?" कौस्तुभला खरंच वाटेना. "आठवड्याला चारशे किलोमीटर होतील, काका. त्यात घाटरस्ता. आणि डिझेलची ही एकच राहिलीय. नव्या छोट्या गाडीत आता डिझेल मिळत नाही."

"डिझेल आवाज करतं. हिला सोसायचं न्हाई."

हे वाक्य त्यानं दोन दिवस आधीच जुळवून ठेवलं होतं. मागच्या खेपेला डॉक्टरनं त्याला एकट्याला आत बोलावलं. तो बरंच काही बोलला, गेणबाच्या डोक्यात एवढंच शिरलं, की वर्ष, फार तर दोन. बाहेर येऊन त्यानं चंद्राबाईला सांगितलं, डॉक्टर म्हणतोय पथ्य पाळा. परतीच्या एसटीत ती खिडकीला टेकून झोपली होती, आणि त्याच्या डोक्यातला ड्रायव्हर मात्र जागाच होता. दोनच वर्षं ना? मग पेट्रोल. गेणबाला स्वतःची लाज वाटली. पण हिशेबात चूक नव्हती.

"आवाज मला कदी सोसला न्हाई वो?" चंद्राबाई डोळे न उघडता म्हणाली. "जन्म गेला तुमच्या जीपच्या आवाजात."

गेणबानं इंजिनातली ऑइलची पट्टी उपसली आणि फडक्यानं पुसायला लागला. चंद्राबाईनं डोळे उघडले. ती त्याच्याकडे बघत राहिली. पट्टी केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी तो पुसतच होता.

"बरं, तुमचेच प्रश्न तुम्हाला," कौस्तुभ म्हणाला. बिचाऱ्याला चेष्टाच करायची होती. "किती पळवणार ते कळलं. किती वर्षं ठेवणार?"

गेणबानं पट्टी परत इंजिनात खुपसली.

"दोन धर," चंद्राबाई म्हणाली. "लई झाली."

गेणबा दचकला. हिला कुणी सांगितलं? मग त्याला कळलं. दुसऱ्या कुणी कशाला सांगायला हवं? पेट्रोलच बघू म्हणताना त्यानंच सांगितलं होतं.

"दोनच? मग बरोबर आहे काकांचं," असं म्हणून कौस्तुभनं डिझेलचं बॉनेट लावायला हात घातला.

"ऱ्हाऊ दे!" गेणबा इतक्या जोरात ओरडला की कौस्तुभ मागे सरला. "हीच दे. डिझेल."

"अवो, पर..." चंद्राबाई खुर्चीत सरळ झाली.

"तू गप ऱ्हा. गाडीतलं तुला काय कळतंय?" त्याचा आवाज फाटला. "पाच वर्सं ठेवायचीय मला. पाच वर्साच्या आत म्या कुटली गाडी मोडलीय का?"

कौस्तुभ खाली मान घालून चावी आणायला गेला.

गेणबानं बॉनेट लावलं, तिला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि चक्कर मारून बघायला गाडी सुरू केली. इंजिन धडधडायला लागलं, दारं बारीक थरथरली. काचेतून समोर पिरंगुटकडे जाणारी गाड्यांची रांग दिसत होती. चंद्राबाईनं पट्टीचा हात जपून मांडीवर ठेवला.

"पाच वर्सं," ती म्हणाली. "आठवड्याला तीन येळा."

गेणबानं वरचा आरसा नीट केला.

"लई दमले वो मी."

"ठावं हाय मला."

तिनं सीटवर मान टेकली आणि डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, तिला झोप लागली. त्यानं गाडी हळूच पहिल्या गिअरमध्ये टाकली.

"बरं," ती म्हणाली. पाव्हणे आलेत, चार भाकऱ्या जास्त टाक, असं तो सांगायचा तेव्हा म्हणायची तशीच. "बघते."