बाबांच्या तंबाखूचं बी

बाबांनी वर्षानुवर्षं जपलेलं तंबाखूचं बी त्यांच्यामागे ताईकडे गेलं, तेव्हापासून धाकटीच्या पोटात दुखत होतं. ताईच्या घरामागच्या बागेत रोपं उंच झाली, गुलाबी फुलांवर आली, आणि जो तो "अगदी बाबांच्या हातची वाटतात" म्हणू लागला, तेव्हा तर तिचा नुसता जळफळाट झाला. एका दुपारी ताई चहा टाकायला आत वळली, तेवढ्यात धाकटीने एकूणएक फुलोरे खुडून कुंपणापलीकडे भिरकावले आणि साळसूदपणे येऊन चहा प्यायली.

एव्हाना झाडं वाळली असतील, ती बघायला म्हणून महिन्याभराने धाकटी मुद्दाम गेली. पानं सुपाएवढी झाली होती.

"खत कुठलं घातलंस गं?" तिने कसंबसं विचारलं.

"कुठलंच नाही. फुलं कुणीतरी खुडून नेली. मग झाडाचा सगळा जोर पानांत उतरतो," ताई म्हणाली. "पण मला पानं घेऊन काय करायचंय?"

 

ताई पुढे म्हणाली, "बी जुनं झालेलं, उगवेल की नाही म्हणून होतं तेवढं सगळं पेरलं, फुलांतून ताजं बी धरलं की तुझ्या हातात देणार होते."