बसव्वाच्या माहेरचं इंजिन

तिसऱ्यांदा हँडल मारलं, तरी इंजिननं नुसता पांढरा धूर ओकला आणि ते गप्प झालं.

"हवा धरलीया," सिद्धराम म्हणाला आणि पाना घेऊन डिझेलच्या नळीचा नट सैल करायला बसला.

शेजारचा पिराजी घाम पुसत म्हणाला, "अण्णा, माझा टेम्पो दारात हाय. दिवस मावळायच्या आत नेसरीला पोचाय पायजे. कशाला ह्येच्या नादी लागताय?"

"न्हाय. तिला शब्द दिलाय."

इंजिन बसव्वाच्या बापाचं. नेसरीच्या मळ्यात विहिरीवर चालायचं. विजेची मोटार आली तसं ते चिंचेखाली पडलं आणि अकरा वर्षं गंजलं. बसव्वाचा भाऊ गुंडू ते भंगारात घालायला निघाला, तेव्हा तिनं ते गडहिंग्लजला आणवलं आणि नवऱ्यापुढं टाकलं. सिद्धरामनं कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं इंजिनं जोडली होती. पण पिकतं तिथं विकत नाही.

"माझ्या बापाच्या इंजिनावर मला माहेरी न्या, मग तुमास्नी फिटर म्हणीन," ती म्हणायची.

चार महिने तो त्यातच होता. जाम झालेला पिस्टन रॉकेलमध्ये भिजवून सोडवला. जुन्या जीपचा सांगाडा आणून त्यावर इंजिन बसवलं. आज सकाळी मागं एक खुर्ची पक्की केली, उंच आणि सरळ पाठीची. राहिलं होतं ते फक्त चालू होणं.

बसव्वा सोप्यात बसली होती. हिरवं इरकल, कपाळाला विभूती, केसांत गजरा. लेकीनं, शिवलीलानं, तिची वेणी घातली होती. माहेरी निघालेल्या बाईची भरतात तशी आळीतल्या बायकांनी तिची ओटी भरली. एरवी तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नसायचं. आज ती एक शब्द बोलली नव्हती, आणि सिद्धराम तिच्याकडं बघायचं टाळत होता.

त्याला काही वाटतच नव्हतं. हात तेवढे चालत होते, बाकीचा माणूस बधिर झाला होता.

नळीतले बुडबुडे थांबले, डिझेलची सरळ धार लागली. त्यानं नट आवळला.

"मार हँडल."

पिराजीनं मारलं. इंजिन खोकलं, अडखळलं आणि मग त्यानं धरलं. आळीतल्या खिडक्या थरथरल्या. कुणी टाळी वाजवली नाही.

सिद्धराम सोप्यात आला आणि बायकोसमोर उकिडवा बसला. "आता तरी फिटर म्हण की."

शिवलीलानं तोंडाला पदर लावला.

बसव्वाला वर चढणं जमणारं नव्हतं. दोघातिघांनी तिला उचलून खुर्चीत बसवलं. रस्ता खड्ड्यांचा, म्हणून सिद्धरामनं तिच्या कमरेला धोतराचा पट्टा बांधला. गाडी सायकलीच्या वेगानं निघाली. वाटेत लोक बाजूला होऊन बघत, काहीजण हात जोडत. सिद्धरामचं लक्ष फक्त इंजिनाच्या आवाजावर होतं. ते एकदाही चुकलं नाही.

ऊन कलताना गाडी मळ्यात, त्याच चिंचेखाली थांबली. खोऱ्यावर हात टेकून गुंडू उभा होता. पहाटे निरोप आल्यापासून खणलेल्या समाधीच्या खड्ड्यात त्यानं लिंगायतांच्या रीतीनं बहिणीला बसवायला कोनाडा कोरून ठेवला होता.