गोडाच्या कपाटाची किल्ली

दोन महिने सासूबाईंच्या टाचेची जखम भरेना आणि मोरीत त्यांच्या लघवीला लागणाऱ्या मुंग्या हटेनात, तेव्हा यांनी हुक्केरी डॉक्टरांना टांग्यातून केलगेरीला आणलं. डॉक्टरांनी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं पाणी बघता बघता विटकरी झालं. “मधुमेह आहे, अक्का. गूळ, साखर, पेढे बंद. नाहीतर ही जखम आधी पाय खाईल, मग तुम्हाला.” सासूबाईंनी कमरेची किल्ली घट्ट धरली. गोडाच्या कपाटाची ती किल्ली त्यांनी कधी कुणाच्या हाती दिली नव्हती. तीन वर्षांपूर्वी माझ्या तान्ह्या कावेरीला जुलाब लागले, तेव्हा याच डॉक्टरांनी साखर-मिठाचं पाणी चमच्याचमच्याने पाजायला सांगितलं होतं. मी मूठभर साखरेसाठी सासूबाईंच्या पाया पडले. “पोरीच्या जातीला कसली साखर?” म्हणत त्यांनी कपाट उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी कावेरी गेली. आज डॉक्टरांनी दटावून किल्ली काढायला लावली आणि माझ्या हातावर ठेवली. “सूनबाई, यांचा जीव आता तुमच्या हातात. कितीही रडल्या तरी द्यायची नाही.” मी मान डोलावली. डॉक्टरांना पोचवायला हे बाहेर गेले. सासूबाई डोळ्यांत पाणी आणून माझ्या मुठीकडे बघत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले, किल्ली परत त्यांच्या कमरेला खोचली आणि म्हटलं, “कपाट तुमचंच आहे, सासूबाई. संध्याकाळी ताजे पेढे मागवते.”