आडाचं पाणी

टेम्पोने घनसावंगी मागे टाकलं तेव्हा ड्रममधले दोन्ही मासे वर तोंड काढून हवा गिळायला लागले, आणि रामरावांचा चेहरा उतरला.

ऑस्कर जातीचे मासे, वीतभराहून चांगले मोठे, पाच वर्षं जिवापाड जपलेले. बँकेने रामरावांची बदली जालन्याहून उदगीरला केली तेव्हा घरचं सामान बांधलं ते बायकोने, उषाबाईंनी. रामरावांनी बांधले ते मासे. पाणी घाण होऊ नये म्हणून त्यांना दोन दिवस उपाशी ठेवलं. ड्रम अर्धाच भरून वर हवेला जागा ठेवली, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, सेलवर चालणारा हवेचा पंप लावला. मागे धक्के बसतील म्हणून ड्रम पुढे केबिनमध्ये घेतला. उषाबाई उरलेल्या जागेत अंग चोरून बसल्या होत्या.

सकाळी जालन्यातल्या मस्तगडहून निघतानाच त्यांनी विचारून पाहिलं होतं. "कुंभार पिंपळगाव वाटंतच हाय. दहा मिन्टं थांबू. मायला भेटून घेते."

"मासे हायेत गाडीत. मधी कुठंच थांबायचं न्हाई."

मासे नसते तर दुसरं काही निघालं असतं. चार वर्षांपूर्वी मेहुण्याच्या लग्नात गडबडीत रामरावांना फेटा बांधायचा राहून गेला. तेव्हापासून उषाबाईंचं माहेर बंद. बांधलेला फेटा संध्याकाळी उतरतो. न बांधलेला चार वर्षं झाली तरी उतरला नव्हता.

"पाणी तापलं, सायेब," टेम्पोवाला कचरू म्हणाला. "म्होरं हापसा हाय. बदलून घ्या."

"हापशाचं पाणी जड, चालत न्हाई. नळाचं तर बिलकुल न्हाई." नळाच्या पाण्यातल्या ब्लीचिंग पावडरने आधीची एक जोडी मेली होती. हे दोघे पहिल्यापासून आडाच्या पाण्यावर वाढलेले. रामरावांनी ड्रममध्ये बोट बुडवून पाहिलं. मग बायकोकडे न पाहता त्यांनी विचारलं, "तुमच्या आडाला उन्हाळ्यात पाणी असतं का?"

मे महिना चालला होता. चार वर्षांत उषाबाईंनी माहेरचा आड पाहिलाही नव्हता. आटलेला निघाला आणि मासे मेले, तर त्याचं खापर जन्मभर त्यांच्याच डोक्यावर फुटणार होतं.

"असतं की," त्या म्हणाल्या. "भरपूर असतं."

टेम्पो दारात थांबला. आईच्या गळ्यात पडायच्या आधी उषाबाई परसात धावल्या आणि आडात डोकावल्या. खाली, पार तळाशी, परातीएवढं पाणी चमकत होतं. तेव्हा कुठे त्या दाराकडे वळल्या.

आई, झुंबरबाई, भिंत धरत धरत बाहेर आल्या. गुडघे गेलेली बाई, पण जावई दारात उभा पाहून तशीच मागे वळली आणि पाय धुवायला तांब्या भरून घेऊन आली.

"आडाचं हाय का?" रामरावांनी विचारलं.

"आडाचंच हाय, बापू."

त्यांनी तांब्या घेतला, पाण्यात बोट बुडवून पाहिलं आणि ते पाणी अलगद ड्रममध्ये सोडलं.

नवीन पाणी एकदम ओतायचं नसतं. थोडं जुनं काढायचं, थोडं नवं घालायचं, मासा सवयीला आला की पुन्हा थोडं. कचरू पोहरा ओढत होता आणि रामराव तांब्या-तांब्याने ओतत होते. "सावकाश," ते कचरूला म्हणत होते, "त्यांना घाई सोसत न्हाई." एवढा हळुवार हात ह्या माणसाला आहे, हे उषाबाईंना आज दिसलं, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी त्यांना वाटलं, ड्रम आणखी थोडा मोठा असता तर बरं झालं असतं.

माय-लेकी उंबऱ्यात बसल्या. झुंबरबाईंनी लेकीचा दंड चाचपून पाहिला. "वाळलीस गं. थांब, शिऱ्याला रवा भाजते. मुक्कामाला हाव ना आज? जावयानं आपल्या मनानं आणलं, लई झालं. राग गेला म्हणायचा."

एक खोटं आज पचलं होतं. दुसरंही पचलं असतं, पण आईच्या तोंडाकडे पाहून उषाबाईंची जीभ वळेना.

"माशांला पाणी पायजे होतं, माय. म्हणून थांबलो."

झुंबरबाईंनी टेम्पोकडे पाहिलं. ड्रमवर वाकलेल्या जावयाकडे पाहिलं. मग आत गेल्या आणि ओटीचं सामान घेऊन आल्या. सुपात गहू होते, वर एक खण. खण कोरा होता, पण घडीच्या रेघेवर पिवळा पडलेला.

ओटी भरून होते न होते तोच मासे खाली गेले आणि पर पसरून निवांत फिरू लागले. रामरावांचा जीव भांड्यात पडला. "चला, चला जल्दी. पुन्हा तापायच्या आत निघू."

उषाबाई ओटीचा पदर सावरत केबिनमध्ये चढल्या. झुंबरबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून टेम्पोपर्यंत आल्या. नजर खाली ठेवून जावयालाच म्हणाल्या, "बापू, पुन्यांदा बदली झाली की मासे ह्याच रस्त्यानं न्या. म्या हापशाचं आणून पीन. आडाला कुनाला हात लावू द्यायची न्हाई."

चार वर्षांत पहिल्यांदाच रामराव सासूशी नीट बोलले.

"बराबर," ते म्हणाले. "पाणी लई चांगलंय तुमचं."