पुस्तकं विकायची आहेत

दूधविनायक मोहल्ल्यातल्या नीलकंठ मोघ्यांनी ग्रीक-रोमन धाटणीच्या युरोपी इमारतींची दुर्मिळ सचित्र पुस्तकं जन्मभर जमवली होती. पत्नी गेल्यावर त्यांनी ती विकायची जाहिरात दिली. गिऱ्हाईक आलं की ते चहा ठेवायचे, चित्रांची मोठी पानं उलगडून एकेक खांब, एकेक घुमट समजावून सांगायचे. माणूस उठायला लागला की म्हणायचे, “माफ करा, विकवत नाही.” हळूहळू गिऱ्हाइकं यायची थांबली.

मग एका दुपारी मंगला गौरी घाटाकडचे दत्तात्रेय पाटणकर आले. बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी एकही पान घाईनं उलटलं नाही, पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले, दुसऱ्यांदा चहाही घेतला. दिवेलागणीला ते उठले, तेव्हा नेहमीचं वाक्य बोलणं मोघ्यांच्या जिवावर आलं.

“सगळी घेऊन जा,” मोघे म्हणाले. “तुमच्याकडे नीट राहतील. पैसे नकोत.”

पाटणकर अवघडले. चपला पायात सरकवत, खाली बघूनच म्हणाले,

“पुस्तकं नको होती हो मला. घरी बोलायला कुणी नाही, म्हणून आलो. उद्या येऊ का?”