हुंकाराची जागा

एकही ‘हं’ उरला नव्हता.

धाकटीने हेडफोन कानांवर घट्ट दाबले आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. बाबांचा आवाज स्वच्छ, खणखणीत. पंख्याची घरघर गेली होती, रस्त्यावरचे हॉर्न गेले होते. आणि बाबांच्या दर वाक्यानंतर येणारा आईचा ‘हं’सुद्धा गेला होता.

लग्नांचे व्हिडिओ एडिट करून हात बसलेला. स्क्रीनवर आवाजाच्या उंच लाटांमध्ये बारीक उंचवटे दिसले, की गोंगाट समजून पुसायचे. तिने ते सगळे पुसले होते. त्याच फाइलवर सेव्ह केलं होतं, आणि मूळ रेकॉर्डिंगचं कार्ड पुढच्या कामासाठी कोरंही करून टाकलं होतं.

बाबा गेल्यापासून आई बोललीच नव्हती. डॉक्टर म्हणत, घशात काही दोष नाही. घरात आईचा आवाज म्हणून काही शिल्लक असलंच, तर ते हे रेकॉर्डिंग. बाबांना गोष्ट सांगताना हुंकार लागायचा. आई भांडी घासत असो की झोपेला आलेली असो, तिने ‘हं’ म्हटल्याशिवाय त्यांची गाडी पुढे सरकत नसे.

“झालं का गं? आईला आणून बसवलंय,” बाहेरून दादा ओरडला.

“आज राहू दे ना, दादा. जरा बिघडलंय.”

“तुझं नेहमीचंच! लाव म्हणतो ना.”

तिने लावलं. टीव्हीवर बाबा आले. आई खुर्चीत, हात मांडीवर, नजर कुठेतरी खाली.

“सायकलवर हिला मागे बसवलं,” बाबा म्हणाले आणि थांबले. कॅमेऱ्याच्या शेजारी बघत राहिले. मग म्हणाले, “आणि निघालो बाजाराला.” पुन्हा थांबले.

“आवाज मध्येच तुटतोय का?” दादाने विचारलं.

चित्र धाकटीने कापलं नव्हतं, फक्त आवाज पुसला होता. त्यामुळे प्रत्येक ‘हं’च्या जागी आता एक भोक पडलं होतं. आईकडे बघायचा धीर होईना.

“माझी आपली बडबड चालूच,” बाबा रंगात आले होते. “वळणावर ही पडली, मला पत्ताच नाही! मागून ‘हं’ येईना, तेव्हा कळलं, मागे कोणी नाही.”

ते हसले. मग भुवया उंचावून शेजारी बघू लागले. वाट बघू लागले.

धाकटीचा हात रिमोटकडे गेला. आता बंदच करावं.

“आहे.”

आवाज खरखरीत होता, बरेच दिवस न उघडलेल्या कडीसारखा. आईने मान वर केली होती.

“आहे मी. बोला.”

पडद्यावर बाबांनी मान डोलावली आणि ते पुढे बोलू लागले.