हिरवी तार

वायरमनच्या स्वतःच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर बावीस क्लिपांनी ठोकलेला एक पाइप होता, दिव्यांसाठी चार पॉइंट होते आणि प्रत्येकातून लाल, काळी, हिरवी अशा तीन तारा डोकावत होत्या. त्याचा पाय मोडला होता, तेव्हा वीस वर्षं त्याच्यासोबत काम करणाऱ्या जोडीदाराने हे वायरिंग करून दिलं होतं. "तुझं घर ते माझं घर," म्हणाला होता.

"दिवे लोखंडी आहेत हं," बायको म्हणाली. "आपली पोर दिसेल त्याला लोंबकळते."

"हिरवी अर्थिंगची आहे, थेट जमिनीत गेलीय. शॉक बसायचा नाही. दोस्ताचं काम आहे, डोळे झाकून जोडायचं!" म्हणत त्याने ती तार जराशी पुढे ओढली.



चारही पॉइंटांतून सुळकन हातात आलेले हिरवे तुकडे त्याने पायरीवर ठेवून मोजले. प्रत्येकी नऊ सेंटिमीटर.